फटफटीचा खुबा

फटफटीची तब्येत पाहून मगच घराबाहेर पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि मी त्याचाच भाडेकरू होतो. सकाळी अंगणात आले की ते आधी पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवत. मग हँडल थोडं इकडेतिकडे करून बघत. मागे जाऊन सीटवर दोन थापा मारत, आणि एवढं सगळं झाल्यावर किक मारायची सोडून तिथेच कमरेवर हात ठेवून म्हणत, "आज जरा सुस्त हाय." गाडी सुस्त असली की ते कामावर सायकलने जात. म्हणजे रजा गाडीला मिळायची, घाम यांना यायचा.

सगळा गाव त्यांना डॉक्टर म्हणायचा. ते डॉक्टर नव्हते. शहराबाहेरच्या गुरांच्या दवाखान्यात ते पर्यवेक्षक होते आणि डॉक्टरची जागा बहुतेक वेळा रिकामीच असे. त्यामुळे बैलाचा पाय, म्हशीचं पोट, शेळीचं बाळंतपण सगळं यांच्याच अंगावर. प्रत्येक नव्या माणसाला ते एकदा बजावून सांगत, "डॉक्टर न्हाई बरं का मी," आणि लगेच जनावराचा जबडा उघडत. माणूस ते वाक्य विसरायचा, जबडा लक्षात ठेवायचा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चारच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या, पण पाट्यांच्या मागे कचेऱ्या असतीलच असं नव्हतं. एक खातं कुणाच्या तरी आडतीत बसलेलं, तर दुसरं मंगल कार्यालयात. लग्नाची तारीख निघाली की टेबलं अंगणात. मी नांदेड जिल्ह्यातला, उमरीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. अशाच एका नव्या कचेरीत नवा कारकून म्हणून हजर झालो, तर गावात खोली म्हणून मिळेना. अर्धं सरकारच खोल्या शोधत फिरत होतं. शेवटी चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं, "विहाराच्या मागं ढोराच्या डॉक्टरची एक खोली खाली हाय. पण माणूस जरा असा हाय." असा म्हणजे कसा, असं विचारल्यावर त्याने हाताचा पंजा हवेत नुसताच फिरवला.

मी गेलो. डॉक्टर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, खातंसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "जरा फाटकापातूर चालून दाखवा."

मला वाटलं चेष्टा आहे. पण ते गंभीर होते. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनी मान वाकडी करून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "उजवा पाय भायेर टाकून राहिलाव. बूट बदला. खोली तुमची."

घरात दोघंच, डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे, आणि डॉक्टरही बाईच म्हणत. बाई मोजकं बोलत. डॉक्टर दिवसभर जेवढं बोलायचे त्यातलं निम्मं त्यांच्याशीच असायचं, आणि त्याला बाईंचं उत्तर बहुतेक वेळा एकच, "हाव." पण त्यांचं मोजकं बोलणं बरोबर जागी बसे. एकदा उमरीहून माझे चुलते मला बघायला आले. घर बौद्धांचं आहे हे त्यांना दारातच कळलं आणि पाणी घ्यावं की नको, या विचारात ते तांब्याकडे बघत ताटकळले. बाईंनी ते पाहिलं. तांब्या उचलून आत नेला, ताट आणलं आणि म्हणाल्या, "दुष्काळ हाय, पाणी जपून वापरायलोत. तुमी आपली भाकरी खाऊन घ्या." चुलते बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. ठेचा तिखट होता. पाणी त्यांनी शेवटी स्वतःच मागून घेतलं.

तर या घरात एकच दुखणं होतं, आणि ते अंगणात उभं असायचं.

डॉक्टरांची फटफटी जुनी होती. काळी, दणकट, आवाजाला खणखणीत. तिला मागे बसायला चांगली लांबरुंद सीट होती आणि त्या सीटवर बाई बसत नसत. पूर्वी बसायच्या. त्याची हकीकत डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगत. लातूर जिल्हा झाला त्या संध्याकाळी गावात रोषणाई होती. डॉक्टर बाईंना फटफटीवर घालून गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेत ती दाखवायला घेऊन गेले. बाई नवी साडी नेसून, सगळ्या बायका बसतात तशा, दोन्ही पाय डाव्या अंगाला घेऊन बसल्या होत्या. गोलाईला वळसा घालताना गाडीचं ढुंगण हललं, हा डॉक्टरांचा शब्द, आणि बाई खाली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. त्या चालत घरी आल्या, आणि त्या दिवसापासून फटफटीवर बसल्या नाहीत त्या नाहीतच.

"जिल्हा वर चढला आन आमच्या बाई खाली उतरल्या," असं म्हणून डॉक्टर ही गोष्ट संपवत. ऐकणारे हसत. बाई तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जात.

मला आधी हा सगळा गमतीचा भाग वाटला. पण एकदा ते गाडी पुसत होते, म्हणजे कोरड्या फडक्याने, पाण्याचा थेंबही त्या वर्षी गाडीच्या वाट्याला नव्हता, आणि मी सहज म्हटलं, "डॉक्टर, एवढं मनाला लावून घेऊ नका. गाडी चालते ना?" तर फडकं तसंच धरून ते म्हणाले, "क्लार्कसाहेब, एकट्यानं बसायला सायकल हाय की माझ्याकडं. ही गाडी मी दोघांसाठी घेतली. मागं बाई न्हाईत तर हिचा काय उपेग?" त्यानंतर मी त्यांची फार चेष्टा केली नाही. थोडी केली.

बाईंचं माहेर जळकोटच्या अलीकडे एका गावात. त्या एसटीने जायच्या, आणि डॉक्टर त्याच एसटीच्या बाजूने फटफटीवर. मी हे कानावर विश्वास ठेवून सांगत नाही, मी एकदा त्या एसटीत होतो. खिडकीशी बाई, मांडीवर पिशवी, नजर समोर. खिडकीबाहेर डॉक्टर, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, एसटीच्या वेगाशी वेग धरून. रस्ता रुंद झाला की ते खिडकीजवळ येत आणि ओरडून काहीतरी सांगत. "बाई, बघा, ह्या तळ्यात पार तळ उघडा पडलाय!" बाई मान हलवत. समोरून ट्रक आला की डॉक्टर मागे पडत आणि ट्रक गेला की उरलेलं वाक्य घेऊन परत हजर होत. थांब्यावर ते खिडकीतून काकड्या आत देत. कंडक्टरला हे सवयीचं झालेलं असावं. तो म्हणाला, "बाई, तुमचे मालक बिनतिकिटाचे येऊन राहिलेत." सगळी एसटी हसली. बाईही हसल्या, पण काकडीकडे बघून.

आता गाडीचं ढुंगण का हलतं याचा शोध डॉक्टरांनी घेतला नव्हता असं नाही. त्यांनी मागचा टायर बदलला. मग चाकाच्या तारा कसून घेतल्या. मग दोन्ही शॉकॲब्सॉर्बर खोलून त्यातलं तेल बदललं. त्यांना ते "मागचे पाय" म्हणत, आणि तेल बदलल्यावर दोन दिवस गाडीला विश्रांती दिली. प्रत्येक उपचार झाला की हातात किल्ली घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, "बाई, जमलंय बगा आता." आणि बाई म्हणत, "मला वह्या तपासायच्यात." डॉक्टर किल्ली खिळ्याला अडकवत आणि परत अंगणात जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारत.

त्यांचा एक मिस्त्री होता. चांगला माणूस, फक्त त्याला प्रत्येक दुखण्यावर मोठा हातोडा हवा असायचा. मिस्त्रीचं मत असं की जुनी गाडी थोडी हलायचीच, आणि बाईंनी सीटच्या मागची कडी घट्ट धरावी. डॉक्टरांना हे मत बिलकूल मान्य नव्हतं. "लंगडणाऱ्या बैलाला कुणी म्हणतं का, की बाबा मालकाला घट्ट धर?" असं ते विचारत, आणि मिस्त्री परत हातोड्याकडे वळे.

गाठ सुटली ती जनावरांच्या छावणीत. पाऊस सलग हुकलेला, कडबा संपलेला. गावोगावची जनावरं माळावर आणून बांधली होती आणि डॉक्टर लसीचा थर्मास खांद्याला लावून एका छावणीवरून दुसऱ्या छावणीवर फिरत होते. मी कचेरीच्या कामाने त्यांच्या मागे बसून गेलो होतो. गाडी इतकी हलत होती की मी दोन्ही हातांनी ती प्रसिद्ध कडी धरली होती आणि मनातल्या मनात बाईंचा निर्णय योग्य ठरवला होता.

छावणीत एका म्हाताऱ्याने बैल पुढे आणला. डाव्या मागच्या पायाने लंगडत होता. म्हातारा म्हणाला, "खुरात काटा असंल. चार दिस झाले, खूर धुऊन राहिलो." डॉक्टरांनी खुराकडे बघितलंही नाही. म्हणाले, "त्याला घेऊन चाला. सरळ जा माझ्या पुढून." बैल चालला. डॉक्टर त्याच्या मागे उकिडवे बसले आणि नुसतं बघत राहिले. मग उठून म्हणाले, "खूर चांगलं हाय. खुब्यात ढिला हाय ह्यो. वर बगा, कंबर कशी एका अंगाला पडायली. पाय बिचारा उगा बदनाम झालाय."

म्हातारा बैलाच्या कमरेकडे बघत राहिला. आणि डॉक्टर आपल्या फटफटीकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं ऊन लागलं. ते माझा दंड धरून हळूच म्हणाले, "क्लार्कसाहेब, इतकी वर्षं मी हिच्यावर बसून हाय. हिला मागून चालताना मी कवा बघितलंय?"

पुढच्या रविवारी जे घडलं ते मी माझ्या मुलांनाही फार उशिरा सांगितलं. बेत असा होता: मिस्त्रीने गाडी चालवायची, मागे कुणीतरी बसायचं, आणि डॉक्टरांनी मागून पळत बघायचं. मागे बसणारा मी. इथपर्यंत ठीक होतं. मी पाय टाकून बसायला लागलो, तर डॉक्टर म्हणाले, "असं न्हाई. बाईंसारखं."

"म्हणजे?"

"दोनी पाय डाव्या अंगाला. दुखणं तसं बसल्यावरच दिसतंय."

मी नव्या जिल्ह्याचा नवा कारकून, इस्त्रीची पँट घातलेला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी मिस्त्रीच्या मागे दोन्ही पाय एका बाजूला घेऊन गंजगोलाईच्या दिशेने निघालो. मागून डॉक्टर, धोतराचा सोगा खोचून, धावत. "हळू! आता तेज! आता वळवा!" दोन कुत्री त्यांच्याबरोबर पळायला लागली. माझ्या कचेरीतले दोघे भाजी घेत होते, त्यांनी मला पाहिलं आणि हातातली वांगी तशीच राहिली. मी मान दुसरीकडे वळवली, तर तिकडे आमचे हेडक्लार्क.

एवढ्यावर भागलं असतं. पण लोकांनी बघितलं की डॉक्टरची फटफटी पुढे पळते आहे, वर भलतीच माणसं बसली आहेत, आणि डॉक्टर ओरडत मागे धावत आहेत. लोकांना त्यातून जो अर्थ काढायचा तो त्यांनी काढला. गोलाईच्या तोंडाशी पाच-सहा जणांनी गाडी अडवली, एकाने मिस्त्रीची कॉलर धरली, एकाने माझं मनगट. "भरदिवसा गाडी पळवायलाव व्हय रे! आन हे बेणं बघा, बसलंय कसं बाईवानी!" डॉक्टर धापा टाकत पोचले. आम्हाला वाटलं आता सुटलो. पण ते आमच्याकडे न बघता थेट मागच्या चाकाशी बसले आणि आनंदाने ओरडले, "सापडलं! सापडलं!" गर्दीला वाटलं चोर सापडल्याचा आनंद आहे. माझं मनगट आणखी घट्ट आवळलं गेलं. सगळं उलगडून सांगेपर्यंत मिस्त्रीच्या शर्टाचं एक बटण गेलं होतं.

डॉक्टरांना दिसलं होतं ते असं. वळताना गाडीचं धड एकीकडे जात होतं आणि मागचं चाक क्षणभर आपलं वेगळंच चालत होतं. म्हणजे दोष चाकात नव्हता, मागच्या पायातही नव्हता. चाक ज्या लोखंडी दोन हातांच्या कवेत असतं त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. तो चिमटा गाडीच्या धडाला एका आडव्या पिनेवर जोडलेला असतो आणि त्या सांध्यात दोन्ही बाजूंनी पितळी कड्या बसवलेल्या असतात, त्या म्हणजे बुश. ते झिजले की सांधा ढिला. डॉक्टरांनी गाडी दवाखान्यात नेली आणि गुरांना उभं करायच्या लाकडी खोड्यात घातली. मागचा भाग दोराने वर टांगला. चिमटा धरून हलवला. टक, टक, टक असा आवाज आला.

"खुबा!" डॉक्टर म्हणाले.

"चिमट्याचे बुश," मिस्त्री म्हणाला.

"तेच म्हणलो मी."

मग रोज संध्याकाळी दवाखान्यात हे बाळंतपण चालू झालं. शेतकरी गुरं घेऊन येत, खोड्यात फटफटी बघून गुमान रांगेत थांबत. एक जण म्हशीचा कान खाजवत विचारी, "हिला काय झालंय डॉक्टर?" डॉक्टर तितक्याच शांतपणे सांगत, "खुब्यात ढिली हाय." "अरेरे," असं म्हणून तो माणूस खरोखर हळहळायचा.

चाक निघालं, चेन निघाली, शॉकॲब्सॉर्बर सुटले. पण पिन निघेना. गंजून जाम बसली होती. मिस्त्रीने मोठा हातोडा मागितला. डॉक्टर मध्ये उभे राहिले. "आखडलेल्या सांध्यावर मारत न्हाईत. शेकत्यात." त्यांनी रॉकेल सोडलं, चुलीवर वाळू भाजली, पोत्याच्या तुकड्यात बांधली आणि फटफटीच्या सांध्याला शेक द्यायला बसले. मिस्त्री हसून लोटपोट झाला. दोन-तीन संध्याकाळी रॉकेल आणि शेक, शेक आणि रॉकेल असं चाललं. मग डॉक्टरांनी लाकडाचा ठोकळा लावून हलकी थाप दिली आणि पिन सुळकन पुढे आली. मिस्त्री म्हणाला ते रॉकेलचं काम. डॉक्टर म्हणाले शेकाचं. मला विचाराल तर मी दोघांच्याही बाजूने मान हलवली होती.

जुने बुश बाहेर काढले तर उजवा बरा होता, पण डावा एका अंगाने पार पापुद्र्याएवढा झाला होता. आणि इथे डॉक्टरांनी आयुष्यातली मोठी चूक केली. तो बुश फडक्याने पुसून त्यांनी खिशात घातला आणि रात्रीच्या जेवणाला बाईंसमोर ठेवला. चेहऱ्यावर नुसता उजेड. "बगा बाई, सापडलं. तुमी डाव्या अंगाला बसायच्या न्हाई का, तुमच्या वजनानं डावाच झिजलाय!"

मी खोकलो. मी अगदी जोरात खोकलो. पण बाण सुटला होता. बाईंनी तो बुश उचलून दिव्यासमोर धरला, नीट पाहिला, भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवला आणि ताट घेऊन आत गेल्या. डॉक्टर मला म्हणाले, "मी काय वाकडं बोललो?" मी म्हटलं, "डॉक्टर, काही गोष्टी मागून बघून कळत नसतात." ते त्यांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

एवढ्या जुन्या गाडीचे बुश लातुरात मिळेनात. मी उमरीला जाताना नमुना बरोबर नेला आणि नांदेडला एका लेथवाल्याकडून तसेच नवे करून आणले. ते किंचित घट्ट होते, घट्टच पाहिजेत असं मिस्त्री म्हणाला. बसवताना चिमटा गरम आणि बुश गार असला की काम सोपं होतं. गरम करायला वाळू होतीच. गार कशाने करायचं? गावात प्यायला पाणी टँकरने येत होतं, बर्फाचं नाव कोण काढणार. डॉक्टरांनी थर्मास उघडला. त्या दिवसाची लस छावणीत टोचून संपली होती, तळाशी चमचाभर बर्फ उरला होता. त्यात त्यांनी दोन्ही बुश ठेवले, झाकण लावलं, आणि थर्मास कुशीत धरून बसून राहिले. मग काढले, गरम चिमट्याच्या तोंडाशी धरले, लाकडी मोगरीने दोन ठोके, आणि बुश जागच्या जागी बसले. मिस्त्रीने आतून साफ केलं, ग्रीस भरलं, शॉकॲब्सॉर्बरच्या टोकांची रबरं बदलली. गाडी जोडून झाल्यावर डॉक्टरांनी चिमटा धरून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. नाही. त्यांनी राखेने हात चोळले आणि बराच वेळ नुसते चोळत राहिले.

घरी मात्र त्यांनी या वेळी "जमलंय" म्हटलं नाही. घाबरले होते. आतापर्यंत गाडीत दोष होता तोवर आशा होती. आता गाडी निर्दोष होती, आणि बाई तरीही नाही म्हणाल्या असत्या तर पुढे खोलायला काहीच उरलं नव्हतं.

वैशाखी पौर्णिमा आली. बाई दरवर्षी त्या दिवशी माहेरच्या विहारात जात. सकाळी त्या पांढरी साडी नेसून, पिशवी आणि छत्री घेऊन ओट्यावर आल्या. एसटीची वेळ झाली होती. अंगणात डॉक्टर धुतलेला सदरा घालून गाडीजवळ उभे होते. एक शब्द बोलत नव्हते. त्यांना इतका वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि बहुतेक बाईंनीही नसावं.

बाईंनी गाडीकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "क्लार्कसाहेब, तुमी बसा मागं. माझ्यासारखं बसा. मला मागून बघायचंय."

मी परत दोन्ही पाय एका अंगाला घेऊन बसलो. आता मला त्याची सवयच झाली होती. डॉक्टरांनी गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेली, वळवली, परत आणली. बाई फाटकात छत्री उघडून उभ्या होत्या. आम्ही थांबलो. त्या म्हणाल्या, "सरळ चालायली. चांगलं काम केलंव."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. "मग बसता?"

"मी गाडीमुळं उतरलेच न्हवते," बाई म्हणाल्या.

डॉक्टर गाडीवरून उतरले. मी तसाच बाजूला पाय सोडून बसलेलो, कारण उतरायची ही वेळ नव्हती.

"मी पडले," बाई म्हणाल्या, "त्याचं काय न्हाई. माणूस पडतंय. उठले, साडी झटकली, बघते तर तुमी पुढं निघालाव. आन बोलायलाव. माझ्याशी. ही कमान बघा बाई, ते दिवे बघा बाई. मी मागं न्हाई ते तुमाला गोलाईचा फेरा होऊन चहाच्या हाटेलापातूर गेल्यावर कळलं."

"बाई, मी तुमाला रोषणाई..."

"हाव. सगळी रोषणाई मोकळ्या सीटला दाखवलीत."

शेजारच्या ओट्यावर दोन बायका गहू निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. डॉक्टरांनी फाटकाची कडी उगाच एकदा सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं सांगितलं का न्हाई?"

"तुमी इच्यारलं का? टायरला इच्यारलंव, तारांला इच्यारलंव, त्या मिस्त्रीला इच्यारलंव. मी घरातच होते."

मला आजही वाटतं, दुसरा कुणी असता तर इथे काहीतरी बाजू मांडली असती. डॉक्टरांनी मांडली नाही. डोक्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं आणि गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं, बाई. लई मोठं चुकलं." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

बाईंनी छत्री मिटली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उठा क्लार्कसाहेब, ती माझी जागा हाय."

मी उडी मारून उतरलो. बाई बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. डॉक्टरांनी पहिल्याच किकला गाडी चालू केली आणि निघाले, पण कसे! पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आणि प्रत्येक दोन हातांवर मान मागे वळवून. "मागं हाव का बाई?" "हाय." परत मान मागे. "हाव का?" "हाय." इतका खटाटोप करून सरळ केलेली गाडी आता डॉक्टरांच्या मानेमुळे नागमोडी चालली होती. समोरून पाण्याच्या पिपांचा हातगाडा येत होता. गाडावाला ओरडला, गहू निवडणाऱ्या बायका ओरडल्या, मी ओरडलो.

बाईंनी छत्रीच्या दांड्याने डॉक्टरांच्या पाठीवर हलकेच टोचलं. "पुढं बघा आता. मी हाय."

डॉक्टरांनी मान पुढे केली. गाडी सरळ झाली, हातगाड्याच्या बाजूने अलगद निघाली, गिअर बदलल्याचा आवाज आला. मी फाटकात उभा राहून मागून बघत होतो. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा डावा हात वर गेला, ते काहीतरी दाखवायला लागले, आणि बाईंनी तिकडे मान वळवली.